अंकाई-टंकाईच्या किल्ल्यावरची शिल्पं पाहायला जाताना: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यात किल्ल्यांना तोटा नाही आणि किल्ले चढणाऱ्यांनाही नाही. येवला तालुक्यातला, मनमाडच्या दक्षिणेचा अंकाई-टंकाई हा जोडकिल्ला त्यातल्या अनेकांनी पाहिलेला असतो. पण "शिल्पं पाहिलीत का?" असं विचारलं की उत्तर बहुधा एकच येतं: वर जाताना लेणी लागली होती, म्हटलं उतरताना बघू. उतरताना पाय भरून आलेले असतात, कुणाला गाडी गाठायची असते आणि लेणी राहून जातात. म्हणून इथली उत्तरं आधी शिल्पांची आहेत, गडमाथ्याची नंतर.

किल्ल्यावर शिल्पं म्हणजे नेमकं काय आहे?

अंकाई आणि टंकाई हे दोन शेजारचे डोंगर. मध्ये खिंड, आणि दोन्ही डोंगरांना एकत्र बांधणारी तटबंदी. त्यातल्या टंकाईच्या दक्षिण अंगाला, खालच्या अंकाई गावाकडे तोंड करून, जैन लेण्यांची रांग आहे. मुख्य लेणी सात धरतात. पहिली दोन दुमजली आहेत. लेणी आकाराने लहान, पण कोरीवकाम भरगच्च. दाराच्या चौकटी, खांब, छत, कठडे, कारागिराने मोकळी जागा ठेवायचीच नाही असं ठरवलेलं दिसतं. पहिल्या लेण्याचं दार तर आतल्या दालनाच्या मानाने फारच भारदस्त आहे. एवढ्याशा खोलीला एवढं मोठं दार कशाला, असा प्रश्न पडतो. मला ते दार त्या अतिरेकामुळेच आवडतं.

वेरूळ पाहिलं आहे. मग हे कशाला पाहायचं?

वेरूळला ३० ते ३४ क्रमांकाची जैन लेणी पाहिली असतील तर इथे जास्त मजा येते, कारण ओळखीची मंडळी पुन्हा भेटतात. ३२ व्या लेण्यात, ज्याला इंद्रसभा म्हणतात, हत्तीवर बसलेला यक्ष आणि आंब्याखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. तीच जोडी इथे टंकाईवर आहे. वेरूळचं काम साधारण नवव्या शतकाच्या आसपासचं, इथलं त्यानंतरचं. मधल्या काळात हात कसा बदलला ते समोर दिसतं. वेरूळला देहाला भरीवपणा आणि मोकळी जागा आहे, तर इथे नक्षी दाटत गेली आहे, मूर्तीभोवतीच्या चौकटीलाच जास्त महत्त्व आलं आहे.

आणि दुसरं, वेरूळला सुट्टीच्या दिवशी ३२ व्या लेण्यात पाच मिनिटं उभं राहायला मिळत नाही. इथे एका खांबासमोर अर्धा तास बसलात तरी कुणी हलवत नाही.

आधी किल्ला की आधी लेणी?

आधी लेणी. गावातून पायऱ्यांच्या वाटेने सावकाश चढलं तरी पंधरा-वीस मिनिटांत लेण्यांपाशी पोहोचता. डोळे आणि पाय दोन्ही ताजे असतात. तिथे किमान दीड तास द्या, मग खिंडीत जा, मग जमलं तर अंकाईचा माथा. माथा राहिला तर राहिला. तसा वारा आणि तसं आभाळ जिल्ह्यातल्या पन्नास डोंगरांवर मिळेल, हे कोरीवकाम मिळणार नाही.

नाशिकहून जायचं कसं?

गाडीने दोन रस्ते. एक आग्रा रोडने पिंपळगाव बसवंत, चांदवड, तिथून उजवीकडे मनमाड आणि मग येवल्याच्या रस्त्याने अंकाई. दुसरा निफाड-विंचूरवरून येवला आणि तिथून मनमाडच्या दिशेने अंकाई. दोन्हीकडून अंतर साधारण शंभर किलोमीटर पडतं. चांदवडचा रस्ता मोठा आहे, येवल्याच्या रस्त्याला कांद्याच्या ट्रॅक्टरांची गर्दी लागू शकते. सकाळी लवकर निघालात तर दोन-सव्वादोन तास पुरतात.

रेल्वेने जायचं तर नाशिकरोडवरून मनमाड, साधारण तासाभराचा प्रवास. पंचवटी एक्सप्रेस मनात आणू नका. ती सकाळी मनमाडहून मुंबईकडे निघते, म्हणजे आपल्या उलट. मुंबईहून सकाळी येणारी तपोवन चालते, पण ती धरली तर लेण्यांत शिरेपर्यंत दुपार होते, म्हणून त्याआधीची एखादी उत्तरेकडची गाडी मिळते का ते वेळापत्रकात बघा. मनमाडहून पुढे दहा किलोमीटरच्या आसपास, रिक्षा किंवा येवल्याची एसटी. अंकाईला रेल्वे स्थानक आहे, मात्र तिथे मोठ्या गाड्या थांबत नाहीत.

कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी?

या प्रश्नाचं उत्तर लोक हवेच्या हिशेबाने देतात, मी उजेडाच्या हिशेबाने देते. लेणी दक्षिणमुखी आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि खाली राहतो, त्यामुळे ऊन ओसरीत शिरतं. मे महिन्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर, बाहेर डोळे दिपतात आणि आत अंधार. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊ ते अकरा किंवा दुपारी तीननंतर. तिरपं ऊन दाराच्या चौकटीवर पडलं की एरवी सपाट वाटणारी नक्षी उठून येते. छोट्या मूर्तींच्या गुडघ्याखाली सावली पडते आणि कोण उभं आहे, कोण नाचतंय ते कळू लागतं.

पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण पायऱ्यांवर शेवाळं असतं आणि आत ओल. फक्त शिल्पांसाठी जाणार असाल तर पावसाळा टाळा.

चढ किती आहे? आई-बाबांना नेता येईल का?

लेण्यांपर्यंत बहुतेकांना जमतं. पायऱ्या आहेत, काही उंच आहेत, मध्ये बसायला जागा आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी घ्या आणि उतरताना घाई करू नका. लेण्यांपुढे खिंड आणि मग अंकाईचे एकामागून एक दरवाजे (सात मोजतात) ही खरी चढण, त्याला आणखी तासभर लागतो. घरातल्या ज्येष्ठांना लेण्यांच्या ओसरीत बसवून तरुण मंडळी वर जाऊन येऊ शकतात. पण त्यांना एकटं ठेवू नका, सोबत एकजण थांबा.

मूर्ती ओळखायच्या कशा? आम्हाला सगळे तीर्थंकर सारखेच वाटतात.

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि तो विचारायला कुणी लाजू नये. तीर्थंकर मुद्दामच सारखे घडवलेले असतात. चेहऱ्यावर राग-लोभ नाही, अंगावर दागिना नाही, हातात शस्त्र नाही. एक तर पद्मासनात बसलेले, नाही तर हात शरीराला न टेकवता सरळ खाली सोडून उभे. या उभं राहण्याला कायोत्सर्ग म्हणतात. ओळख पटते ती चिन्हावरून. आसनावर किंवा पायाशी हरिण असेल तर शांतिनाथ, सोळावे. डोक्यावर नागाचा फणा असेल तर पार्श्वनाथ, तेविसावे. बैल असेल किंवा खांद्यावर केसांच्या बटा रुळत असतील तर ऋषभनाथ, पहिले. शंख असेल तर नेमिनाथ. सिंह असेल तर महावीर.

इथल्या तिसऱ्या लेण्यात मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या दाराच्या दोन्ही अंगांना, जवळजवळ माणसाच्या उंचीचे दोन तीर्थंकर उभे आहेत. एक शांतिनाथ, दुसरे पार्श्वनाथ. आधी फणा शोधा, तो लांबूनच दिसतो. मग दुसऱ्याच्या पायाशी वाकून हरिण शोधा. एवढं केलं की बाकीच्या लेण्यांत डोळा आपोआप खाली चिन्हाकडे जातो.

आता ओसरीच्या दोन टोकांना बसलेली जोडी. एका बाजूला ऐसपैस बसलेला पुरुष आणि त्याचा हत्ती. जुन्या इंग्रजी नोंदींत त्याला इंद्र म्हटलंय, अभ्यासक आता त्याला सर्वानुभूती यक्ष म्हणतात. दुसऱ्या टोकाला अंबिका, नेमिनाथांची यक्षी, म्हणजे त्यांची सेवक देवता. तिच्या डोक्यावर आंब्याची डहाळी, पायाशी सिंह. आपल्याकडच्या मंडळींना ती पाहताक्षणी सप्तशृंगीच्या किंवा चांदवडच्या देवीची आठवण होते आणि हात जोडले जातात. जोडा, त्यात वावगं काही नाही. पण मग आंब्याची पानं जरूर बघा. लांबट, टोकदार, घोसाने लोंबणारी, झाड न चुकता ओळखता येईल अशी कोरली आहेत.

छतावरच्या कमळाबद्दल ऐकलं आहे. ते कुठे आहे?

याच तिसऱ्या लेण्याच्या आतल्या दालनात, चार खांबांच्या मधल्या चौकात. दालन साधारण वीस-पंचवीस फुटांचं. आत शिरल्यावर लगेच वर बघू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. दोन-तीन मिनिटांनी मान वर करा.

एकात एक गुंफलेल्या पाकळ्यांची वर्तुळं दिसतील. एका वर्तुळात सोळा पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीवर एकेक माणूस, बहुतेक बायका, काही नाचणाऱ्या, काही वाद्य वाजवणाऱ्या. त्याच्या बाहेरच्या वर्तुळात चोवीस पाकळ्या आणि त्यांवर आपापल्या वाहनांवर बसलेले देव, कुणी एकटा, कुणी जोडीने. वाहनांत पशू आहेत, पक्षी आहेत. या सगळ्याला अष्टकोनी पट्टीने बांधून घेतलंय आणि कोपऱ्यांत पुन्हा आकृत्या आहेत.

एका पाकळीवरची बाई हाताच्या पंजापेक्षा फार मोठी नाही. तिची कंबर एका बाजूला गेलेली, एक पाय उचललेला. ती कोरणारा माणूस मान मागे टाकून, डोळ्यांत दगडाची भुकटी घेत, छताला छिन्नी लावून काम करत होता. दगड आपला सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट, संगमरवरासारखा शांतपणे कापला जाणारा नव्हे. एक घाव जास्त बसला तर ती पाकळी गेली, पुन्हा लावायची सोय नाही. हे ध्यानात घेऊन बघा.

सतरंजी किंवा जाड चादर सोबत ठेवा आणि सरळ उताणे पडा. मान अवघडत नाही आणि वर्तुळं पूर्ण दिसतात. टॉर्च असेल तर सरळ वर मारू नका. एका बाजूने, अगदी तिरपी धरून, हळूहळू फिरवा. सावल्या सरकतात तशा एकेक नर्तकी पुढे येतात.

ही लेणी कधीची? कुणाच्या काळातली?

घडणीवरून अकराव्या-बाराव्या शतकातली. चौथ्या लेण्यात ओसरीच्या खांबावर पुसट झालेला लेख आहे, त्याच्या अक्षरांचं वळणही त्याच काळाचं आहे. तेव्हा या भागावर यादवांचं, म्हणजे सेऊणदेशाच्या राजांचं राज्य होतं. जैन व्यापाऱ्यांचा आणि राजघराण्याचा संबंध किती जवळचा होता याचा पुरावा आपल्या अंजनेरीला आहे. तिथल्या शके १०६३ च्या, म्हणजे इ. स. ११४१-४२ च्या शिलालेखात सेऊणचंद्र राजाने चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिराला दान दिल्याची नोंद आहे. टंकाईची लेणी त्याच वातावरणातली. खालून जाणारा व्यापारी रस्ता, त्यावरून मालाची ने-आण करणारे सधन श्रावक, म्हणजे जैन गृहस्थ, आणि डोंगरात धर्मासाठी कोरलेली जागा.

इतक्या मूर्तींचे चेहरे झिजलेले, तुटलेले का आहेत?

एकच कारण शोधू नका. काही मूर्ती मुद्दाम फोडलेल्या आहेत, तिथे नाक-तोंडावर नेमका घाव दिसतो. काही ठिकाणी पाणी झिरपून दगडाचे पापुद्रे सुटलेत, तिथे झीज पसरट असते, खालपासून वर चढलेली. हा किल्ला शतकानुशतकं लष्करी ठाणं होता. शिबंदी राहिली, चुली पेटल्या, धुराने छतं काळी झाली. आणि मग आपण. नावं कोरणं, बाण मारलेलं बदाम काढणं, हे गेल्या काही दशकांतलं काम आहे आणि त्याचा मला फार राग येतो. नऊशे वर्षं टिकलेल्या खांबावर किल्लीने नाव कोरायला अर्धं मिनिट लागतं.

किल्ल्याचा इतिहास थोडक्यात?

१६३५ मध्ये शाहजहानच्या सरदाराने, खानखानानने, हा जोडकिल्ला निजामशाहीकडून घेतला. १६६५ च्या सुमारास थेवनो या फ्रेंच प्रवाशाने सुरत ते औरंगाबाद मार्गावरचा मुक्काम म्हणून अंकाईचा उल्लेख केला आहे. यावरून जागेचं महत्त्व कळतं, खालून जाणाऱ्या प्रत्येक काफिल्यावर वरून नजर. १८१८ मध्ये इंग्रजांच्या फौजेने मराठ्यांकडून तो घेतला, तेव्हा लढाई झालीच नाही, किल्ला गोळी न झाडता ताब्यात गेला.

अंकाईच्या माथ्यावर काय बघायचं?

दरवाजांच्या वाटेवर आणि वरती शैव लेणी आहेत, काही अर्धवट सोडलेली. अर्धवट लेणं शिकायला फार चांगलं, छिन्नीचे माग तसेच दिसतात आणि दगड वरून खाली कसा काढत आणत ते समजतं. माथ्यावर अगस्ती ऋषींचं स्थान आहे, गावकऱ्यांची तिथे श्रद्धा आहे, पायातलं काढून आत जा. पाण्याचं मोठं तळंही आहे. स्वच्छ दिवशी समोर हडबीची शेंडी तो सुळका, मनमाडचा पसारा आणि रुळांवरून वळण घेणारी गाडी दिसते.

फोटो काढताना, मूर्तीजवळ जाताना काय पाळायचं?

फोटो काढा, पण कठड्यावर किंवा मूर्तीच्या मांडीवर पाय देऊन नको. मूर्तीवरून हात फिरवायचा मोह होतो, मलाही होतो. हाताचा घाम आणि तेल दगडात मुरतं, म्हणून आवरायचा. शेंदूर, तेल, दूध, रंग यातलं काहीही लावू नका. एकदा शेंदराचा थर बसला की खालचा आंबा आणि सिंह कायमचा गेला. संरक्षित स्मारकाला इजा केली तर १९५८ च्या कायद्याखाली, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुणी लिहिताना दिसलं तर भांडू नका, "दादा, राहू द्या ना" एवढं मोठ्याने म्हणा. चारचौघांसमोर म्हटलं की बहुतेक जण थांबतात.

जैन कुटुंबं दर्शनाला आलेली असतात. त्यांचं पूजन चालू असेल तर दालनाबाहेर थांबा, चामडी वस्तू आणि खाण्याचे डबे आत नेऊ नका.

खाणं-पिणं?

पाणी माणशी दोन लिटर खालूनच घ्या. डबा घरून आणा. माकडं पुष्कळ आहेत, हातात पिशवी दिसली की ओढतात. पाठीवरची सॅक, चेन लावलेली. जेवण उतरल्यावर मनमाडला किंवा येवल्याला.

त्याच दिवशी आणखी काय जोडता येईल?

एकच काहीतरी. येताना चांदवडमार्गे आलात तर होळकरांचा रंगमहाल, अहिल्याबाईंशी जोडलेला वाडा, लाकडाचं कोरीवकाम आणि भिंतीवरची चित्रं. दगडानंतर लाकूड बघायला बरं वाटतं. येवल्याने परतलात तर पैठणीचे माग. मागावरचा मोर आणि लेण्यातला मोर एकाच दिवशी बघणं ही चैन फक्त आपल्याच जिल्ह्यात आहे. चार-पाच ठिकाणं एका दिवसात कोंबू नका, शेवटी कुठलंच आठवत नाही.

चढणं अजिबात शक्य नाही. नाशिकच्या जवळ पर्याय?

सिन्नरचं गोंदेश्वर. शहरापासून तीसेक किलोमीटर, गाडी जवळपर्यंत जाते, चढ नाही. यादवकाळातलंच, पंचायतन पद्धतीचं मंदिर: मध्ये शंकर आणि चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य, विष्णू यांची छोटी मंदिरं. टंकाईच्या लेण्यांतले खांब डोंगरातून कोरलेले, गोंदेश्वरचे घडवून रचलेले, पण घाट एकाच घराण्यातला वाटतो. खरं तर टंकाईला जाण्याआधीच्या रविवारी गोंदेश्वर बघून ठेवा, म्हणजे खांबाचे भाग डोळ्यांत बसतात.

पांडवलेणी सगळ्यांना ठाऊक आहेत, पण तिथेही पायऱ्या आहेत आणि ती हजारेक वर्षं आधीची, बौद्ध. तिथलं ३ क्रमांकाचं लेणं, गौतमी बलश्रीने दान दिलेलं, समोरून बघा. पूर्ण ओसरी खांद्यावर उचलून धरणारे यक्ष आहेत. टंकाईच्या खांबांवरही वरचा भार पेलणारी चार हातांची गुबगुबीत माणसं आहेत. वजन पेलणारी माणसं कोरायची हौस आपल्याकडच्या कारागिरांना इतकी जुनी आहे.

मुलं कंटाळतील का?

"हे बाराव्या शतकातलं" असं सांगत राहिलात तर नक्की. त्याऐवजी त्यांच्या हातात वही द्या आणि प्राणी मोजायला लावा. हत्ती किती, सिंह किती, पक्षी कोणते, हरिण कुठे लपलंय. छताखाली उताणं झोपायची परवानगी दिलीत की कमळातल्या सोळा जणींपैकी कुणाच्या हातात कुठलं वाद्य आहे यावर त्यांचं भांडण सुरू होतं. ते मिटवायला तुम्हालाही खाली पडून बघावं लागतं, म्हणून चादर थोडी मोठीच न्या.